सदस्यांसाठी व्हिडिओ करतोय, पण लोक अर्ध्या मिनिटात निघून जातात

पत्रक_ते_पडदा
संस्थेची माहिती आजवर छापील पत्रक आणि ईमेलने जायची. आता सदस्यच विचारतात, "याचा व्हिडिओ आहे का?" म्हणून मोबाइलवर पाच-सहा मिनिटांचे व्हिडिओ सुरू केलेत. यूट्यूबच्या आलेखात निम्म्याहून जास्त लोक पहिल्या ३० सेकंदांतच गळताना दिसतात. आवाज घुमतो आणि शेवटी शेवटी ओठ व आवाज जुळत नाहीत. चांगला कॅमेरा घ्यावा का?

ध्वनीपासून_सुरुवात
कॅमेरा राहू द्या, आधी माइक घ्या. चित्र थोडं धूसर असलं तरी लोक बघतात. शब्द कळेनासे झाले की बंद करतात.

मोबाइल दोन मीटरवर असेल तर त्याच्यापर्यंत तुमच्या थेट आवाजाइतकाच किंवा त्याहूनही जास्त भिंतींवरून परतलेला आवाज पोचू शकतो. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, परतलेला मात्र जवळपास तसाच राहतो. घुमतं ते यामुळेच, आणि नंतर सॉफ्टवेअरने ते नीट निघत नाही. कॉलर माइक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावा, ओढणी किंवा जॅकेट त्यावर घासू देऊ नका. रिकाम्या खोलीपेक्षा पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटं असलेली खोली निवडा.

रेकॉर्ड करताना आवाजाच्या मीटरवर सर्वांत मोठी उसळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज परत सांधता येत नाही. तयार झालेली अंतिम फाइल उणे १४ लफ्सच्या (LUFS, आवाजाचा सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) आसपास असू द्या. यूट्यूब जास्त मोठा आवाज कमी करतं, पण हळू आवाज वाढवून देत नाही.

संकलन_टेबल
ओठ आणि आवाज सुटण्याबद्दल. मोबाइल दर सेकंदाला ठरलेल्या फ्रेम (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं) घेईलच असं नाही. उजेड कमी झाला की फ्रेमही कमी होतात. काही संकलन सॉफ्टवेअर मात्र फ्रेमचा वेग एकसारखा धरून चालतात, त्यामुळे फरक साचत जातो आणि शेवटी दिसतो. संकलनाआधी फाइल हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या मोफत सॉफ्टवेअरमधून काढा आणि तिथे 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर कॅमेऱ्याचा शटर वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर दिव्यांमुळे चित्रात पट्टे सरकतात.

पहिलं_वाक्य
यंत्रं सुधारली तरी ३० सेकंदांची गळती थांबेलच असं नाही. आलेख सुरुवातीलाच कड्यासारखा कोसळत असेल, तर बहुधा तिथे लोगो, स्वागत आणि संस्थेची ओळख असते. पत्रकात नजर नको तो परिच्छेद ओलांडून पुढे जाते. व्हिडिओत बघणारा तुमच्या वेगाला बांधलेला असतो. म्हणून "आपले सहर्ष स्वागत" याऐवजी असं सुरू करा: "तुमचा अर्ज सहीमुळे परत आला असेल, तर ती चूक कुठे होते ते आधी दाखवतो." ओळख नंतर एका वाक्यात पुरते.

मध्येच आलेख वर उचलला गेला असेल, तर बरेचदा लोक तो भाग मागे नेऊन पुन्हा बघत असतात. तिथे तुम्ही घाई केलीत का ते तपासा. आणि पत्रक बंद करू नका! तारखा, रकमा, कागदपत्रांची यादी व्हिडिओखाली लिहूनच द्या. तिथेच वेळा लिहून व्हिडिओची प्रकरणंही (हव्या त्या भागावर थेट जाता येईल असे टप्पे) करता येतात: पहिली वेळ शून्य मिनिट शून्य सेकंद, किमान तीन नोंदी, प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा.

पत्रक_ते_पडदा
मनापासून आभार. उपशीर्षकं चित्रातच छापावीत की वेगळी फाइल द्यावी?

संकलन_टेबल
लांब व्हिडिओला वेगळी एसआरटी फाइल, म्हणजे उपशीर्षकं आणि त्यांच्या वेळा लिहिलेली साधी मजकुराची फाइल. ती बंद करता येते, चूक सापडली तर व्हिडिओ पुन्हा न चढवता दुरुस्त होते, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तर ती हवीच. फाइल जतन करताना अक्षरांचं एन्कोडिंग यूटीएफ-८ (UTF-8) निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. वेळेचे आकडे इंग्रजी अंकांत, मिलिसेकंदांआधी टिंब नाही, स्वल्पविराम. एका वेळी दोनच ओळी, आणि ओळ तोडताना विशेषण आणि त्याचं नाम वेगळं पडू देऊ नका.

उभे छोटे व्हिडिओ अनेक जण आवाज बंद ठेवून बघतात, तिथे मात्र अक्षरं चित्रातच छापा. खालची पट्टी आणि उजवी कड मोकळी सोडा. अ‍ॅपचा मजकूर आणि बटणं नेमकी तिथेच येतात.