भाऊबीज झाल्यावर उरलेला गोड फराळ घरात ठेवावा की घराबाहेर काढावा?

मूळ लेखन : माजघर

गेल्या फेब्रुवारीपासून मी वजन कमी करण्याच्या प्रयत्नात आहे आणि दिवाळीपर्यंत माझे साडेपाच किलो वजन उतरले होते. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत मी फराळ मनापासून खाल्ला आणि त्याची मला जराही खंत नाही. माझा प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे. पाहुणे आपापल्या घरी गेले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर स्टीलचे तीन डबे उरले. एकात बेसनाचे अठरा लाडू, दुसऱ्यात शंकरपाळे, तिसऱ्यात सुक्या खोबऱ्याच्या करंज्या, आणि शेजारी भेट आलेल्या मिठाईची दोन खोकी.

पुढच्या आठवड्यात मी एकदाही अख्खा लाडू उचलला नाही. दुपारच्या चहाबरोबर सुरीने कापून अर्धा घेत असे, राहिलेला अर्धा सुकून जाईल म्हणून रात्री ओटा आवरताना संपवत असे, आणि डब्याच्या तळाशी साचलेला चुरा वाया कशाला घालवायचा म्हणून चमच्याने तोंडात टाकत असे. आठवड्याच्या शेवटी लाडू मोजले तेव्हा माझ्या वाट्याचे सात संपलेले होते.

मग मी माझ्या कृतीचा हिशेब मांडला. अर्धा किलो बेसन, तीनशे ग्रॅम तूप आणि चारशे ग्रॅम पिठीसाखर यांचे तीस लाडू झाले होते. म्हणजे चाळीस ग्रॅमच्या एका लाडवात सुमारे दोनशे कॅलरी आणि तेरा ग्रॅम साखर. माझ्या वजनाच्या व्यक्तीला तेवढ्या कॅलरी खर्च करायला पाऊण तास ते तासभर चालावे लागते. वरून घेतलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास राहिली तर अधिक चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे. दोन लाडवांत ती मर्यादा भरते, आणि चहातली साखर त्यात धरलेलीच नाही.

म्हणून माझे मत असे आहे की भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी घरातल्या प्रत्येकासाठी मोजून दोन-दोन नग ठेवावेत आणि बाकीचे सगळे घराबाहेर द्यावे. डबा समोर ठेवून दिवसातून दहा वेळा मनाला आवर घालत बसणे हा मार्ग माझ्यासारख्यांना झेपणारा नाही.

प्रतिसाद : ठाणेकर

ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तोच पुढे नेला तर निष्कर्ष वेगळा निघतो. अठरा लाडवांच्या मिळून साधारण ३७०० कॅलरी होतात आणि एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी असे ढोबळमानाने धरतात. म्हणजे अख्खा डबा एकट्या माणसाने नेहमीच्या जेवणावर संपवला तरी भर पडते ती अर्ध्या किलोची. चार माणसांच्या घरात भाऊबीजेपासून तुळशीच्या लग्नापर्यंतच्या दहा दिवसांत तेच लाडू वाटून खाल्ले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार येतात. एवढ्यासाठी घरात केलेला पदार्थ जणू संकट आहे असे मानून तो दाराबाहेर काढणे मला पटत नाही.

आमच्याकडे तुळशीचे लग्न लागेपर्यंत फराळ पुरवून खायचा, अशीच रीत होती. आईने डबा कधी लपवला नाही, पण दुपारी चारला एक लाडू हातावर मिळायचा आणि त्यानंतर झाकण लागायचे. मीही दोन वर्षांत नऊ किलो वजन उतरवले, ते लाडू जेवणाच्या हिशेबात धरूनच. ज्या दिवशी लाडू खायचा त्या दिवशी दोन्ही चहा बिनसाखरेचे घ्यायचे आणि रात्री एक पोळी कमी करायची. गोड घराबाहेर काढून वजन उतरवणाऱ्याला गोडाशेजारी राहण्याची सवय कधी होणार? दिवाळीनंतर संक्रांत येते, मग होळीची पुरणपोळी, मग श्रावण, मग गणपतीचे मोदक. वर्षभर घराबाहेर किती काढणार?

प्रतिसाद : सांजवात

मला या धाग्यातल्या एका शब्दावर थांबावेसे वाटते आणि तो शब्द म्हणजे 'घराबाहेर'. उरलेला फराळ घराबाहेर जातो तो नेमका कोणाकडे, हे कोणीच लिहिलेले नाही. बहुतेक घरांत तो भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या पिशवीत जातो.

आमच्याकडे बारा वर्षे येणाऱ्या मावशींना मीही दर दिवाळीनंतर असाच डबा भरून देत असे. एके वर्षी त्यांनी पिशवी हातात घेतली, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, चार घरांतून चार पिशव्या आल्यात. मला शुगर आहे, आणि माझ्या सुनेला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय. पण नको म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल." मला त्या क्षणी फार लाज वाटली. माझ्या शरीराला जे नको, ते त्यांच्या शरीराला चालेल असे मी न विचारता ठरवले होते, आणि त्याला मी देणे म्हणत होते.

त्यानंतर मी फराळ ताजा असताना, लक्ष्मीपूजनाच्या आधी, घरच्यांसाठी भरते तसाच डबा भरून त्यांना देते, आणि किती हवे ते आधी विचारते. भाऊबीजेनंतर उरलेले त्यांना देणे बंद केले. देणाऱ्याचे ओझे कमी व्हावे म्हणून दिलेली वस्तू घेणाऱ्याला बरोबर कळते.

मिठाईच्या खोक्यांबद्दलही एक सांगते. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका खोक्यावर दुसऱ्याच कुटुंबाच्या नावाची चिठ्ठी तशीच राहिलेली होती. ते किती घरे फिरून आले होते, कोण जाणे. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटासमोर ती कधीपर्यंत खाण्याजोगी आहे ते लिहिणे दुकानदारांना बंधनकारक झाले, पण खोक्यात भरून दिलेल्या पेढ्यांबरोबर ती तारीख प्रवास करत नाही. खव्याची मिठाई तूप-बेसनाच्या लाडवासारखी टिकत नाही. आंबूस वास आला तर ती सरळ टाकावी. पोटात घातली तरी ती वायाच जाते.

प्रतिसाद : निळी शाई

माझ्या यजमानांना मधुमेह आहे. ठाणेकर म्हणतात ती 'गोडाशेजारी राहण्याची सवय' आमच्या घरात तीन वर्षे करून पाहिली आणि तिन्ही वर्षी दिवाळीनंतरच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. ते लबाडी करत नव्हते, रात्री अकरा वाजता त्यांना खरोखरच राहवत नव्हते. ज्या घरात एखाद्याचे औषधपाणी चालू आहे तिथे डबा ठेवण्याचा निर्णय आवडीनिवडीचा राहत नाही, म्हणून मी मूळ लेखिकेच्या बाजूची आहे.

प्रतिसाद : उंबरठा

उरल्यावर काय करावे यापेक्षा उरतेच का, याकडे मी लक्ष वेधू इच्छिते. आपण फराळाचे प्रमाण अजून आजीच्या काळातले धरतो. तेव्हा घरात पंधरा माणसे होती आणि शेजारच्या आठ घरांत ताटे जात होती. आता घरात तीन माणसे असतात, आणि येणारा पाहुणाही "मला नको, डाएट चालू आहे" म्हणून अर्धी चकली उचलतो.

अनारशांपासून मी एक गोष्ट शिकले. तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचे पीठ गुळात मळून ठेवले की बरेच दिवस टिकते आणि खायच्या दिवशी चारच अनारसे तळता येतात. तळलेला ढीग समोर नसतो, आणि मधल्या वेळी कोणी पिठाच्या डब्यात हात घालत नाही. लाडवांचेही मी तसेच करते. बेसन तुपात भाजून साखर न घालता घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवते आणि लागेल तेव्हा थोडे कोमट करून, साखर मिसळून सहा लाडू वळते. शिवाय पुढच्या वर्षी साखरेऐवजी गूळ घालायचा विचार आहे, म्हणजे वजनाची काळजी उरणार नाही.

प्रतिसाद : ठाणेकर

उंबरठा, भाजलेल्या बेसनाची युक्ती उत्तम आहे आणि ती मी घरी सांगणार आहे. गुळाबद्दल मात्र गैरसमज नको. गूळ आणि साखर यांच्या कॅलरी जवळजवळ सारख्याच असतात, आणि लाडवातल्या बहुतेक कॅलरी तर तुपाच्या आणि बेसनाच्या असतात. एक ग्रॅम साखरेला चार कॅलरी, एक ग्रॅम तुपाला नऊ. गुळाचा लाडू चवीसाठी जरूर करावा, पण तो वजनाला चालतो असे समजून दोन खाल्ले तर आहे तेही बिघडेल.

प्रतिसाद : माजघर

सगळे प्रतिसाद मी दोन-दोनदा वाचले. सांजवात यांच्या लेखनाने मी अस्वस्थ झाले, कारण 'बाकीचे सगळे घराबाहेर द्यावे' असे लिहिताना माझ्याही डोळ्यांसमोर आमच्या मावशींचीच पिशवी होती. ते वाक्य मी मागे घेते.

ठाणेकरांच्या हिशेबाला मात्र माझे उत्तर आहे. अर्धा किलो ही क्षुल्लक गोष्ट नाही. अमेरिकेत १९५ प्रौढांच्या वजनाच्या नोंदी ठेवून केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला होता. तिथे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतच्या सणांत वाढलेले सरासरी वजन होते अवघे ०.३७ किलो. पण ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही उतरले नव्हते, आणि मला भीती आहे ती याच गोष्टीची. माझे वजन तिशीपासून असेच पावपाव किलोने वाढले आणि कोणत्या वर्षी किती वाढले ते मला सांगता येत नाही. शिवाय चार माणसांत लाडू समान वाटले जातात हे फक्त कागदावर घडते. दिवसभर स्वयंपाकघरात जी वावरते, तिच्या वाट्याला जास्त येतात.

आज मी एवढे केले आहे. एका खोक्यातल्या पेढ्यांना वास येत होता, ते टाकले. करंज्या मुलाने वसतिगृहात मित्रांसाठी मागून घेतल्या. उरलेले लाडू मोजून त्यांचा डबा यजमानांकडे दिला आणि तो त्यांनी कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आहे. रविवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र बसून एकेक खायचा, असे घरात ठरले.

प्रतिसाद : ठाणेकर

ताई, स्वयंपाकघरात वावरणारीच्या वाट्याला जास्त येतात, हे मी कधी लक्षातच घेतले नव्हते. आमच्याकडेही आईच उरलेला चुरा संपवत असे. पण डब्याची राखण दुसऱ्याकडे सोपवावी, हे मला अजून पटलेले नाही. तो डबा तुमच्याच हाताशी असावा आणि त्याची वेळही तुम्हीच ठरवावी, असे मला वाटते.

प्रतिसाद : माजघर

पुढच्या वर्षी कदाचित तसे करीन. या वर्षी तो वरच्याच खणात राहू द्या.