ट्रेलरमधला फ्रिज रात्री बंद पडतो आणि सकाळी आपोआप सुरू होतो, १२ व्होल्टचं गणित कोणी समजावेल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट माहिती दिली की पहिले दहा प्रतिसाद "बॅटरी कुठली, पॅनल किती" यातच जातात, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

गाडीमागे ओढायचा छोटा ट्रेलर आहे, जुनाच घेतलाय. आम्ही शक्यतो जिथे लाईटचं कनेक्शन नसतं अशाच जागी राहतो आणि जनरेटर नको आहे, त्या धडधडीत झोप कसली लागणार. बॅटरी एकच, १०० अँपिअर-अवरची (म्हणजे १ अँपिअरने १०० तास) लेड अॅसिड, डीप सायकलवाली (रोज उतरवून परत भरायची), पुढच्या टोकाला पेटीत. टपावर १०० वॅटची दोन सोलर पॅनल. आधीच्या मालकाने ठेवलेला १००० वॅटचा इन्व्हर्टर आहे. वायरिंगही बहुतेक त्यानेच घरच्या घरी केलंय, कारण रंगांचा काही पत्ता नाही, पॉझिटिव्हला एका ठिकाणी चक्क हिरवी वायर आहे.

आता गंमत बघा. कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्टचा फ्रिज आहे (लेबलवर ६० वॅट), मागच्या बाजूच्या सिगरेट लायटरच्या सॉकेटला लावलाय. दिवसभर मस्त चालतो. रात्री अडीच-तीनच्या सुमारास लाल दिवा लागतो आणि बंद. मी उठून बॅटरीवर मीटर लावला तर १२.२ दाखवतो, म्हणजे बॅटरी काही मेलेली नाही. बटण बंद-चालू केलं की मिनिटभर चालतो आणि परत लाल दिवा. आणि सकाळी पॅनलवर ऊन आलं की हात न लावता आपला आपण सुरू! फ्रिज खराब म्हणावा तर दिवसा का चालतो?

दुसरं म्हणजे यावेळी बाबा पण बरोबर येणार आहेत, त्यांचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं) रात्रभर चालायलाच हवं, त्यात तडजोड नाही. त्याच्या अॅडॅप्टरवर ९० वॅट लिहिलंय. शिवाय माझा लॅपटॉप (चार एक तास काम असतं), छताचा पंखा, एलईडी दिवे, पाण्याचा पंप, फोन. नवऱ्याला १२ व्होल्टची चहाची किटली पण हवी आहे, त्यावर घरात मतभेद आहेत.

तर मोठी बॅटरी घेऊ, की मोठा इन्व्हर्टर, की फ्रिजच बदलू? इलेक्ट्रिकचं ज्ञान शाळेपुरतं, पण मीटर वापरता येतो.

प्रतिसाद

ताई, अजून काहीही विकत घेऊ नका. फ्रिज ठणठणीत आहे आणि तुम्ही दिलेल्या माहितीत उत्तर जवळजवळ आलंच आहे.

या फ्रिजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी एक कट-ऑफ असतो, बहुतेकांना हाय, मीडियम, लो अशा तीन सेटिंग. हायवर असेल तर साधारण ११.१ च्या आसपास व्होल्टेज आलं की फ्रिज स्वतःला बंद करतो आणि परत सुरू व्हायला साडेबाराच्या जवळपास लागतं (मॉडेलप्रमाणे थोडं इकडेतिकडे, पुस्तिकेत तक्ता असतो). पण हे व्होल्टेज तो स्वतःच्या प्लगपाशी मोजतो, बॅटरीपाशी नाही. तुम्ही मीटर लावला बॅटरीवर, तोही फ्रिज बंद पडल्यावर, म्हणजे लोड काहीच नसताना. तेव्हा वायरमधून करंटच जात नाही, मग व्होल्टेज कमी होईल कसं?

पुढच्या टोकापासून मागच्या सॉकेटपर्यंत वायर वळणं घेत सहा मीटर तरी असणार, जाऊन-येऊन बारा. तांब्याची १.५ चौ. मिमी वायर धरली तर तिचा रोध ०.१४ ओहमच्या घरात येतो. फ्रिज ५ अँपिअर घेतो म्हणजे ०.७ व्होल्ट वाटेतच गेले. वरून ते लायटरचं सॉकेट, त्यातली स्प्रिंग, प्लगमधला फ्यूज, हिरव्या वायरचे जोड, ते आपापला वाटा घेणारच. रात्री बॅटरी १२.१ ला आली की फ्रिजला ११ दिसतात, तो बंद. बंद झाला की बॅटरी सावरून १२.२, पण त्याला परत सुरू व्हायला हवेत साडेबारा, ते रात्री कुठून येणार? सकाळी पॅनलने व्होल्टेज वर ढकललं की सुरू. बटण बंद-चालू केलं की तेवढ्यापुरती परत एक संधी मिळते इतकंच.

एक काम करा. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा आणि लगेच मागच्या सॉकेटच्या पाठीमागच्या तारांवर मोजा. फरक इथे लिहा. तोवर कट-ऑफ मीडियमवर ठेवा. एकदम लोवर नको, ते स्वतंत्र बॅटरीसाठी असतं खरं, पण लेड अॅसिडला रोज इतकं खाली नेलंत की ती लवकर आटोपते.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण वायर सुधारली तरी हिशोब जमत नाही हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर नंतर म्हणाल सगळं करूनही बॅटरी उतरतेच.

फ्रिज ५ अँपिअर घेतो पण सतत चालत नाही, एक तृतीयांश वेळ धरला तर दिवसाचे ४० अँपिअर-अवर. उकाडा असेल, झाकण सारखं उघडत असाल तर ५० सुद्धा. लॅपटॉप सरासरी ४० वॅट, चार तास, चार्जरचं नुकसान धरून १५. पंखा मंद गतीवर ८. दिवे ४. पंपाची लोकांना उगाच भीती असते, चालताना ५ अँपिअर घेतो पण दिवसात दहा मिनिटं चालतो, एक सुद्धा होत नाही. उलट गॅस गळतीचा अलार्म दिवसरात्र ०.१ घेतो त्याचे अडीच होतात (तो बंद करायचा नाही हं कुठल्याही परिस्थितीत). सीपॅपचे १२ धरले तर ऐंशीच्या पुढे गेलात. लेड अॅसिडमधून निम्मेच काढायचे, म्हणजे १०० तले ५०. दोन पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला पन्नास-साठ देतील, ढग आले किंवा झाडाखाली लावलात तर विसरा, पॅनलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली आली तरी आउटपुट धाडकन पडतं.

म्हणून माझं मत, एखादी रात्र निघेल, सलग राहायचं तर पुढेमागे लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावी लागेल. तेवढ्याच १०० मधून ८०-९० निश्चिंत वापरता येतात आणि व्होल्टेज शेवटपर्यंत तेराच्या आसपास टिकतं, फ्रिजची रात्रीची नाटकं त्यानेही कमी होतात. पण तिच्यासाठी चार्जर आणि सोलर कंट्रोलरचं (पॅनलमधून बॅटरी भरणाऱ्या डबीचं) सेटिंग बदलावं लागतं, आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही.

प्रतिसाद

इन्व्हर्टरबद्दल कोणीच बोललं नाही. तो रात्री बंद असतो ना? नुसता चालू ठेवला तरी अर्धा ते एक अँपिअर खातो, रात्रभरात चार ते आठ गेले, काहीही न चालवता. लॅपटॉपसाठी तर तो वापरूच नका. १२ चे २३० करायचे आणि मग अॅडॅप्टरने परत २० वर आणायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला? १२ व्होल्टवर चालणारा ६५ वॅटचा यूएसबी-सी पीडी चार्जर मिळतो तो घ्या.

सीपॅपचंही तसंच, कंपनीचा डीसी कन्व्हर्टर घ्या. थेट बॅटरीला जोडू नका, कारण बरीच मशीन २४ व्होल्टवर चालतात. ९० वॅट हा अॅडॅप्टरचा कमाल आकडा आहे, खरी भूक दमट हवा करणाऱ्या हीटरची आणि गरम नळीची असते. ते दोन्ही बंद ठेवले तर खप निम्म्याहून खाली येतो. पण बाबांना हीटरशिवाय चालेल का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा आणि घरीच एक रात्र करून बघा, तिथे जाऊन प्रयोग नको.

प्रतिसाद

एवढा अभ्यास करण्यापेक्षा एक मोठं पॉवर स्टेशन (बॅटरी आणि इन्व्हर्टर आत असलेला तयार डबा) घ्या ना सरळ, सगळी सॉकेट एकाच डब्यात, आम्ही तेच केलं, कटकट मिटली.

प्रतिसाद

^ सगळ्यासाठी नको, पण फक्त सीपॅपसाठी छोटं वेगळं पॉवर स्टेशन ही कल्पना मला पटते. ट्रेलरच्या बॅटरीचं काहीही होवो, बाबांचं मशीन बंद पडणार नाही. त्याच्या डीसी सॉकेटवरूनच चालवा म्हणजे झालं.

आणि किटली! एक लिटर पाणी २० वरून ९० अंशाला न्यायला साधारण २९३ किलोज्यूल लागतात. १५० वॅटच्या किटलीला कितीही घाई केली तरी ३३ मिनिटं, उष्णता बाहेर जाते ती धरून पाऊण तास. वीज तशी फार नाही, आठ-नऊ अँपिअर-अवर, पण ते लायटरचं सॉकेट तेवढा वेळ १२-१३ अँपिअर ओढत बसलं की हाताला चटका बसेल इतकं तापतं, आणि बऱ्याच सॉकेटचा फ्यूज १० किंवा १५ चाच असतो. गॅसवर पाच मिनिटांत चहा होतो. साहेबांना सांगा.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार! आज मोजलं. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवर १२.४ आणि मागच्या सॉकेटवर ११.४, पूर्ण एक व्होल्ट गायब! सॉकेट बाहेर ओढलं तर मागची एक चकती तपकिरी झालेली आणि वायर बोटाने हलत होती. कट-ऑफ हायवरच होता. इन्व्हर्टर रात्री बंदच असतो. सीपॅपसाठी छोटा डबा घ्यायचं नक्की केलंय. किटलीचा हिशोब नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला, तो म्हणतोय पाऊण तास काही फार नाही 😄

आता दोन गोष्टी. फ्रिजला किती जाडीची वायर टाकू? आणि गाडी चालू असताना ट्रेलरची बॅटरी चार्ज व्हायला हवी ना, मागच्या प्लगमधून तशी वायर आलेली आहे, पण दिवसभर गाडी चालवूनही बॅटरी फारशी भरलेली दिसत नाही.

प्रतिसाद (पहिलाच मी)

फ्रिजला ६ चौ. मिमी, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही, थेट बॅटरीपासून. चॅसीवर (ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यावर) निगेटिव्ह सोडू नका, गंजलेल्या बोल्टवर परत तेच रडगाणं. मग ५ अँपिअरला जेमतेम ०.१७ व्होल्ट जातील. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत, फ्रिजच्या टोकाला नाही, कारण फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. मागे लायटरचं सॉकेट ठेवूच नका, स्क्रूने घट्ट होणारा किंवा लॉक होणारा प्लग लावा.

गाडीच्या प्लगमधली वायर इतकी बारीक आणि लांब असते की शेवटी चार-पाच अँपिअर पोचले तरी पुष्कळ, आणि नव्या गाड्यांचा अल्टरनेटर स्वतःची बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो, मग ट्रेलरच्या वाट्याला काहीच येत नाही. त्यावर उपाय म्हणजे ट्रेलरच्या बॅटरीजवळ डीसी-डीसी चार्जर (गाडीकडून येणारं कमी व्होल्टेज वाढवून बॅटरी नीट भरणारा), तुमच्या बॅटरीला २० अँपिअरचा पुरे. त्याच्यासाठी गाडीच्या बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणि दोन्ही टोकांना फ्यूज लागेल, जुन्या प्लगमधून ते ओढू नका. लिथियम घ्यायचा विचार असेल तर चार्जर आत्ताच दोन्ही सेटिंगवाला बघा, म्हणजे परत खर्च नको.

बॅटरीची पेटी ट्रेलरच्या आत उघडते की बाहेर? आत असेल तर बाहेर हवा जायला नळी आहे का ते बघून सांगा, लेड अॅसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते.

धागाकर्ती

पेटी बाहेरून उघडते आणि खाली जाळी आहे. वायर उद्याच आणते.