दहा हजार पावलांचा हट्ट सोडा, वेळ बदला
कामाच्या ठिकाणी रोज दहा हजार पावलं चालण्याची स्पर्धा लावली की ती पंधरा दिवसांत थंडावते, हा एकाने सांगितलेला अनुभव पटला. पण दहा हजारांचा हट्टच कशाला? तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पेडोमीटर (पावलं मोजणारं यंत्र) खपवताना रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पाच दिवस अर्धा तास झपाझप चाललं की भागतं.

आमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तिथे जेवणाच्या सुट्टीत चालायला लावणं म्हणजे माणसं आजारी पाडणं. आम्ही सकाळी मेहरूण तलावावर जातो, डोक्याला रुमाल, हातात पाण्याची बाटली. मात्र डबे करून येणाऱ्या बायकांना ती वेळ जमत नाही. त्यांच्यासाठी चहाआधी गोडाऊनच्या सावलीत दहा मिनिटं, तीही कामाच्या वेळेत धरलेली. मालकांकडून एवढं मात्र मागून घ्याच.