मदत हवी आहे : न्यूयॉर्कमधील स्वयंसेवकांच्या बागा

सप्टेंबरअखेरीस आई-बाबांना मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेज परिसरातील, स्वयंसेवकांनी जोपासलेल्या सार्वजनिक बागा दाखवायचा विचार आहे. बॉवरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरील ओसाड जागेत लिझ ख्रिस्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली फुलवलेली, आणि पुढे शहर प्रशासनाने महिना एक डॉलर (!) भाड्याने दिलेली बाग तर पाहायचीच आहे. अडचण अशी, की एप्रिल ते ऑक्टोबर या काळात आठवड्याला किमान २० तास बाग खुली ठेवण्याचा नियम असला, तरी हे तास प्रत्येक बागेचे स्वयंसेवक आपापल्या सवडीने ठरवतात. बाबांना फार चालवत नाही. तेव्हा शनिवारी दुपारी उघड्या असणाऱ्या, बसायला बाक असलेल्या आणि एकमेकींजवळच्या कोणत्या बागा निवडाव्यात, हे तिकडे राहणाऱ्यांनी कृपया सांगावे.