मदत हवी आहे: कुत्र्याचं अमायलेज ११८० आलं, स्वादुपिंडाला सूज आहे असं समजायचं का?

गाव दारव्हा तालुक्यात. आमचा भुऱ्या नऊ वर्षांचा, २२ किलोचा, शेतात राखणीला असतो. पोळ्याच्या करीला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, घरी मटण झालं आणि पोरांनी उरलेली चरबी न् तर्रीत भिजलेल्या पोळ्या त्याच्यापुढे टाकल्या. दुसऱ्या रात्रीपासून उलट्या. आधी अन्न, मग नुसतं पिवळं पाणी. पुढचे पाय भुईला टेकवून मागचा भाग वर धरतो, पोटाला हात लावला की कण्हतो. आज तिसरा दिवस, भाकरीकडे पाहतही नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन दिलं, पॅनक्रियाटायटिसचा, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेचा, संशय सांगितला. रक्त माणसांच्या लॅबमध्ये तपासलं. अमायलेज ११८०, लायपेजही वाढलेलं (ही अन्न पचवणारी द्रव्यं), दोन्ही लाल अक्षरात. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचं माप) २.४, प्लेटलेट ९५ हजार. बाबा म्हणतात, "इतकं लाल आलं म्हणजे तेच हाय, अजून काय पाह्यतं?" पण माझं मन मानत नाही. नागपूरला न्यायचं तर गाडी भाड्याने करावी लागेल. ती करायला तयार आहे, पण तिथे नेमकी कोणती तपासणी मागू?

प्रतिसाद:
दादा, ते लाल अक्षर माणसाच्या मापाने आहे. माणसात अमायलेज साधारण शंभरापर्यंत असतं, कुत्र्यात मशीनप्रमाणे ५०० ते १५०० सुद्धा नॉर्मल धरतात. म्हणजे ११८० वर काहीच ठरत नाही. शिवाय किडनी मंदावली की अमायलेज, लायपेज दोन्ही चढतात, आणि तुमचं क्रिएटिनिन वाढलेलं आहेच. ते उलट्यांनी पाणी कमी झाल्यामुळेही असेल, म्हणून लघवीची तपासणी करा.

मागायची ती 'सीपीएल', म्हणजे कुत्र्याच्या स्वादुपिंडातूनच येणाऱ्या लायपेजची तपासणी. २०० मायक्रोग्रॅम प्रति लिटरपर्यंत नॉर्मल, ४०० च्या वर संशय पक्का होत जातो, मधलं संदिग्ध. याचंच झटपट किट निगेटिव्ह आलं तर हा आजार असण्याची शक्यता बरीच कमी. पॉझिटिव्ह आलं तरी सोबत सोनोग्राफी हवीच. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून किट आहे का विचारा.

प्लेटलेटकडे दुर्लक्ष नको. गोचीड तापातही त्या घटतात. रक्ताची काचपट्टी तपासून घ्या. स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं असेल तर तेही सांगा, त्यानेही लायपेज वाढतं. रिपोर्टसाठी सलाईन थांबवू नका, आणि घरातली दुखण्याची गोळी अजिबात देऊ नका, किडनीला आणखी मार बसेल.

धागाकर्ता:
ताई, खूप आभार. स्टेरॉइड दिलेलं नाही, डॉक्टरांना फोनवर विचारलं. आत्ताच कंदील धरून कान पाहिले, डाव्या कानात तीन गोचीड निघाले. पहाटे पाचला गाडी सांगितली आहे. तोवर त्याला खायला काही देऊ का?

प्रतिसाद:
उलटी सुरू आहे तोवर काही नको. थांबली की मऊ भात आणि कातडी काढून उकडलेलं कोंबडीचं मांस, चमचा-दोन चमचे. दूध, तूप नको. निघण्याआधी डॉक्टरांकडून सलाईन लावून घ्या.