शॅपच्या आलेखात अल्ब्युमिन वर येतंय, मग ते वाढवलं की धोका कमी होतो का?

रंकाळाकाठचा:
काकांचं (वय ६४, गाव कागलजवळ) जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय, इथंच कोल्हापुरात. मी सॉफ्टवेअरमधला, गप्प बसवेना म्हणून रात्री जागून पेपर वाचायलोय. ऑपरेशननंतर कॉम्प्लिकेशन होईल का याचा अंदाज मशीन लर्निंगनं काढतात आणि कशामुळं अंदाज वर गेला, कशामुळं खाली आला ते शॅप नावाच्या पद्धतीनं दाखवतात. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) बऱ्याचदा वरच्या नंबरात दिसतंय आणि काकांचं २.८ (ग्रॅम/डेसिलिटर) आहे. मग इंजेक्शन देऊन ३.५ केलं तर धोका तेवढा उतरला असं धरायचं का? डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतोय.

डेटावाला, राजारामपुरी:
भावा, नाही धरायचं. शॅप मॉडेलचा हिशोब सांगतं, काकांच्या शरीराचा नाही. मूळ कल्पना लॉईड शॅप्ली या गणितज्ञाची, १९५३ ची. गुऱ्हाळावर गुळव्या, चुलवाणात जाळ घालणारा, ऊस वाहणारा असे सगळे मिळून पैसे आले तर कुणाचा वाटा किती, तसला हिशोब, तो २०१७ मध्ये लुंडबर्ग आणि ली या संशोधकांनी मॉडेलला लावला. अल्ब्युमिन, वजन, आजाराची स्टेज हे एकमेकांत गुंतलेले असतात त्यामुळं एकाचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर सहज जातं. आणि पेपरात कॅन्सर पोचलेल्या लिम्फ नोडची (लसिका ग्रंथींची) संख्या घेतलीय का बघ, ती ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीतनं कळते, मग ते मॉडेल आत्ता काकांना लावून उपयोग नाही. डेटा कुठला तेही बघ, कोरियात चाळिशीनंतर दर २ वर्षांनी सरकारी तपासणी असते, गाठ लवकर सापडते, आपल्याकडं घास उतरेना झाला की मग माणूस दवाखाना गाठतो, त्यामुळं तिथले टक्के इथं जसेच्या तसे बसत नाहीत.

सर्जरी शिकणारी:
अल्ब्युमिन बहुतेक वेळा खूण असते. खाणं कमी झालेलं असतं, शिवाय आजारामुळं अंगात आतल्या आत दाह (इन्फ्लमेशन) असला की लिव्हर ते कमी बनवतं. इंजेक्शननं रिपोर्ट चांगला दिसेल, पेशंट आहे तसाच राहील. पण म्हणून २.८ कडं दुर्लक्ष करू नका! लिव्हर किडनी ठीक असून ३ च्या खाली असेल किंवा सहा महिन्यांत वजन १० टक्क्यांवर उतरलं असेल तर युरोपातल्या एस्पेन या पोषणाच्या संस्थेच्या गाइडलाइनप्रमाणं आधी ७ ते १४ दिवस पोषण द्यायचं, त्यासाठी ऑपरेशन थोडं पुढं गेलं तरी चालतं, आणि शक्यतो तोंडानंच, नाहीतर नळीनं. वजन किती उतरलंय? संकोच कसला करताय, "ऑपरेशनआधी आहारतज्ज्ञाला दाखवायचं का" एवढंच सरळ विचारा.

रंकाळाकाठचा:
ताई, पाच महिन्यांत ६१ चं ५३ झालंय, भाकरी उतरत नाही, नुसती पेज चाललीय. आज डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले बरं झालं सांगितलंत, सोमवारी आहारतज्ज्ञाकडं जायचंय. भावा, पेपर परत बघितला, लिम्फ नोड घेतलेत त्यात. मी त्यावरनं काढलेला आकडा चुलतभावाला पाठवला होता, त्याला आत्ताच फोन करून सांगितलं की तो आकडा धरू नको आणि काकूला तर बिलकुल सांगू नको.