मुंगळे, अस्वलं आणि घोंगडीवाले: लहानपणीचा अर्धवट आठवणारा अंतराळातला गेम

गेले दोन महिने एक गेम शोधतोय. नाव विसरलोय असंही नाही, ते मला कधी माहीतच नव्हतं. १९९५ च्या आसपासची मे महिन्याची सुट्टी, नारायण पेठेत आत्याकडे. माडीवर आतेभावाचा कॉम्प्युटर, मॉनिटर काळा-पांढरा, त्यामुळे रंगांची खूण विचारू नका. मी तिसरीतून चौथीत जाणारा, मराठी शाळेतला, इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं होतं. पडद्यावरचं सगळं दादा मराठीत सांगायचा आणि मला ते तसंच आठवतं. तीच पंचाईत झाली आहे. गुगलला मुंगळे आणि घोंगडी सांगून काय मिळणार?

तर आठवतं ते असं. नकाशाभर तारे, प्रत्येक ताऱ्याला एकच ग्रह. ग्रहावर क्लिक केलं की बाजूला आडव्या पट्ट्या. त्या ओढून जहाजांना किती, कारखान्यांना किती, साफसफाईला किती ते ठरवायचं. समोर मुंगळे, अस्वलं, गरुड, मांजरी आणि घोंगडीवाले. हे घोंगडीवाले म्हणजे डोक्यावरून खोळ घेतलेले, ते आपले शोध चोरून न्यायचे. मधेच बातम्या लागायच्या. कधीतरी सगळ्यांची सभा भरून मतदान व्हायचं. एका ताऱ्यावर एक राक्षसी जहाज पहारा देत असायचं, तिथे जायला दादाची सक्त मनाई. आणि शेवटी घंटा वाजायची. बाकीचं चुकत असेल, घंटा नक्की.

तुमच्याकडेही असा एखादा गेम अडकलेला असेल तर लिहा, सापडलेला असो वा नसो. माझा ओळखणाऱ्याला मिसळ माझ्याकडून.

कोथरूड

तुमचा माहीत नाही, पण अंतराळ म्हटलं की मला कर्वे रोडवरचा एक सायबर कॅफे आठवतो. तासाला तीस रुपये, सहा मशीन, त्यातलं एक कायम बंद. स्टारक्राफ्ट खेळायचो. १९९८ चा गेम, आमच्याकडे पोचेपर्यंत दोन वर्षं गेली असतील. ‘शो मी द मनी’ टाइप केलं की दहा हजार खनिजं आणि तेवढाच गॅस मिळायचा, हे पीएमटीच्या तिकिटामागे लिहून ठेवलेलं. मित्रांशी लॅनवर खेळताना ते चालत नाही, हे भर सामन्यात सगळ्यांसमोर कळलं. माझी मुंगळ्यांसारख्या किड्यांची फौज होती. तुमचे मुंगळे ते नव्हेत, कारण यात सभा नाही, मतदान नाही, नुसती मारामारी.

भोसरी

माझा सापडलेला आहे, पण शोधायला पंधरा वर्षं लागली. बाबांचं छोटं वर्कशॉप होतं, ऑफिसात बिलं करायला एक कॉम्प्युटर. त्यावर कुणीतरी गेम टाकून ठेवलेला. मला फक्त चौकोन आठवत होते. ग्रहाची जमीन म्हणजे रंगीत चौकोन: लाल, हिरवे, निळे, पांढरे, काळे. लालवर कारखाना, निळ्यावर प्रयोगशाळा, काळ्यावर काहीच नाही. आणि ताऱ्यांचा नकाशा हातात धरलेल्या भोवऱ्यासारखा फिरवता यायचा. रंगीत चौकोनांचा गेम म्हणून विचारलं की लोक मला कोडी नाहीतर टेट्रिस दाखवत.

शेवटी एका सहकाऱ्याने ओळखला: असेन्डन्सी, १९९५. एकवीस जमाती होत्या त्यात. नाव मिळाल्यावर हौसेने सगळं वाचून काढलं आणि पस्तावले. मला वाटायचं मी फार हुशार आहे, कारण शत्रू माझ्या ग्रहांवर चालून यायचेच नाहीत. भाऊ खेळला तरी नाही यायचे, पण ते मी मनावर घेतलं नव्हतं. तर त्या गेममधला संगणकाचा खेळाडू अगदीच बावळट म्हणून प्रसिद्ध होता. इतका, की कंपनीला तो तिखट करायला ‘अँटॅगोनायझर’ नावाचा वेगळा पॅच काढावा लागला. लहानपणीचं एकमेव साम्राज्य होतं हो माझं. ते असं गेलं.

तुमच्या गेममध्ये चौकोन होते का? काळ्या-पांढऱ्या मॉनिटरवर ते नुसते करडे दिसले असतील.

धागाकर्ता

चौकोन नव्हते, पट्ट्याच. त्या ओढायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून खात्री.

बिबवेवाडी

मी संगीतावरून शोधला. कॉम्प्युटर मासिकासोबत सीडी यायची, तिच्यात एक डेमो होता. एक प्रचंड मोठं मूळ जहाज, भोवती छोटी जहाजं, मागे रंगीत शेपट्या सोडत जाणारी. वर-खाली कुठेही जाता यायचं, त्यामुळे मी बराच वेळ आपलंच जहाज शोधत असायचो. पूर्ण गेम पुढे मित्राकडे बघितला. त्यात परत येतो तर मागे ठेवलेला आपला ग्रह जळतोय, आणि मागे कोरस, अतिशय संथ. मित्राची बदली झाली, गेम गेला. सूर राहिले.

बऱ्याच वर्षांनी ऑफिसमधल्या एकाच्या घरी जेवायला गेलो होतो. त्याने पाश्चात्त्य संगीत लावलेलं. वरणभाताचा घास हातात आणि तेच सूर! सॅम्युएल बार्बरचं ‘अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज’ त्यानेच समूहगानासाठी बसवलेलं, असं कळलं. तिथून उलटा शोध घेतला तर पाच मिनिटांत होमवर्ल्ड, १९९९. २०१५ मध्ये तो नव्याने सजवूनही आला. घेतला. जहाज अजूनही हरवतं.

सहकारनगर

माझं वय एकाहत्तर, गेम कधी खेळलो नाही. पण वाचून राहवत नाही म्हणून कबुली देतो. आमच्या मुलाचा असा एक गेम मी उडवला आहे. हार्ड डिस्क ५४० एमबीची, भरून गेलेली, आणि मला सोसायटीचे हिशेब ठेवायचे होते. मुलाने केलेलं एक फोल्डर दिसलं, नाव एमओओटू. मू म्हणजे गाईचं काहीतरी असेल असं समजून पुसून टाकलं. संध्याकाळी तो क्लासहून आला, बसला, काही वेळ कळफलकाचा आवाज आला, मग बंद झाला. व्हायरस आला असेल, असं मीच त्याला म्हणालो. तो आता परदेशात असतो. त्याला अजून व्हायरसच माहीत आहे. ते फोल्डर कशाचं होतं हे कुणी सांगेल का? ग्रह आणि तारे होते एवढं पडद्यावर पाहिलेलं आठवतं.

औंध

काका, तुम्ही एका दगडात दोन पक्षी मारले. एमओओ म्हणजे मास्टर ऑफ ओरायन. तुम्ही उडवलात तो १९९६ चा दुसरा भाग. आणि धागाकर्त्याचा आहे तो पहिला, १९९३ चा, सिमटेक्सने बनवलेला आणि मायक्रोप्रोजने बाजारात आणलेला. दुसऱ्या भागात एका ताऱ्याभोवती अनेक ग्रह असतात, पहिल्यात एकच.

पट्ट्या पाच होत्या: जहाजं, संरक्षण, उद्योग, पर्यावरण, तंत्रज्ञान. तुमच्या दादाची ‘साफसफाई’ म्हणजे त्यातली पर्यावरणाची पट्टी. ती कमी ठेवली की कारखान्यांचा कचरा साचतो आणि ग्रहावर माणसं कमी मावतात. मुंगळे म्हणजे क्लॅकॉन, अस्वलं बुलराथी, गरुड अल्कारी, मांजरी मर्शान. घोंगडीवाले डार्लॉक, हेरगिरीत सगळ्यांचे बाप. एकूण दहा जमाती. दगडांची एक होती, तिला कुठल्याही ओसाड ग्रहावर वस्ती करता यायची, ती कशी विसरलात? सभेत दोन तृतीयांश मतं मिळाली की एक गोळीही न झाडता जिंकता यायचं. आणि राक्षसी जहाज म्हणजे ओरायनचा राखणदार, दादा बरोबर सांगत होता.

अवांतर: अशा गेमना ‘फोर एक्स’ म्हणतात, ते याच गेममुळे. १९९३ मध्ये अ‍ॅलन एमरिच याने याच्याबद्दल लिहिताना तो शब्द काढला. शोधा, पसरा, उपसा, संपवा, अशा चार क्रियापदांवरून.

गॉग या गेम विकणाऱ्या साइटवर पहिले दोन्ही भाग एकत्र मिळतात, जुने डॉसचे गेम चालवणाऱ्या डॉसबॉक्ससकट. डबल क्लिक केलं की चालू.

घंटा मात्र कुठेही नाही. मी आत्ता पुन्हा खेळून बघितलं.

सिंहगड रोड

ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र. पोटात तीन ताऱ्यांचा बाण, मागे व्याध. बुलराथींच्या घराचं नाव अर्सा, म्हणजे अस्वलच. आकाशातल्या त्या मोठ्या अस्वलात आपण सप्तर्षी बघतो. अल्कारींचं घर अल्टेर. तो आपला श्रवण, आणि तो ज्या तारकासमूहात आहे त्याला मराठीतही गरुडच म्हणतात. तुमच्या दादाने हे माहीत असून भाषांतर केलं की नुसती चोच बघून, ते विचारा.

दुसऱ्या भागातल्या अंटारेसचं मराठी नाव ज्येष्ठा हे मला शाळेपासून पाठ. आमच्याकडे गुरुवारी दिवसभर लाइट नसायची, म्हणून बुधवारी रात्री उशिरापर्यंत खेळून मग गच्चीवर जाऊन खरे तारे बघायचे असा शिरस्ता होता. खरे तारे बघायचं कारण सांगितलं की आई ओरडत नसे.

हडपसर

माझा अजून नाही सापडला. इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये विंडोजऐवजी रेड हॅट लिनक्स होतं, त्यात चौकटींच्या नकाशावर ग्रह, एका ग्रहावरून दुसऱ्यावर जहाजांचा आकडा पाठवायचा. सर आले की खिडकी बदलायची.

औंध

कॉन्क्वेस्ट. के अक्षराने सुरू होणारं स्पेलिंग, लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपसोबतच यायचा. अजूनही मिळतो.

हडपसर

आईशप्पथ. अकरा मिनिटं!

धागाकर्ता

काल रात्री घेतला. बातम्या द्यायला यंत्रमानव आला तेव्हा बायकोला उठवलं, ती परत झोपली. रंगीत आहे! मला तो तसा चालेचना. घोंगडीवाल्यांना रंग असतो हे पचेना, म्हणून मॉनिटरच्या सेटिंगमध्ये जाऊन करडा करून घेतला. चोवीस ताऱ्यांचा लहान नकाशा घेतला, तरी पहाटेचे तीन वाजले. राखणदाराकडे जाऊन आलो. दादा म्हणायचा तेच खरं, नाही जायचं.

आज दुपारी दादाला फोन केला. गरुडाचं विचारलं. म्हणाला, “कसला श्रवण? चोच होती म्हणून गरुड. पोपटच म्हणणार होतो.” त्याला गेमचं नाव तेव्हाही माहीत नव्हतं. मित्राकडून तीन-चार फ्लॉपींवर आणलेला, वर पेन्सिलने ‘तारे’ लिहिलेलं.

मग घंटेचं विचारलं. तो इतका हसला की फोन वहिनीने घेतला. आत्याचा आवाज त्या उन्हाळ्यात बसला होता. माडीवर हाक पोचेना, म्हणून जेवायला बोलवायला ती जिन्यात उभी राहून देवघरातली घंटा वाजवायची.

औंध, रविवारी सकाळी वेळ आहे का? काकांनाही विचारतोय, कारण फोल्डरचं नाव त्यांनीच सांगितलं. काका, मुलाला सांगितलंत का?

सहकारनगर

रविवारी येतो. मुलाला अजून नाही. तो दिवाळीत येणार आहे, तेव्हा आधी गेम टाकून ठेवतो. डबल क्लिक नक्की कशावर करायचं?